पांदणीवरून हायवेवर

गाडी गोठ्याच्या मागे उभी होती. पुढचा दिवा नाही, इंडिकेटर नाहीत, आरसे नाहीत, दोन्ही मडगार्ड काढून टाकलेले. सायलेन्सरचा मागचा तुकडा कापलेला. मागच्या चाकाला बटन टायर, आणि सीटच्या मागे फ्रेमला वेल्डिंग करून बसवलेला एक जाड कोयंडा. त्याला डवरा अडकवायचा आणि कपाशीच्या ओळींमधून गाडी चालवायची. दोन हंगाम तिने बैलाचं काम केलं होतं.

"मिस्तरी, हिले रोडवर काढाची हाय," गाडीचे मालक म्हणाले. "पोरगी मलकापूरले जाते शिकाले. एसटीच्या टायमात बसत नाही तिचं."

वडनेर भोलजीच्या मिस्तरीने आधी गाडीकडे पाहिलंच नाही. त्याने विचारलं, "काका, कागदं हायेत काय?"

हा प्रश्न तो गेली दहा-अकरा वर्षं सगळ्यात आधी विचारतो. त्याआधी विचारत नसे.

वडनेर हे नांदुरा तालुक्यातलं हायवेवरचं गाव. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आता ५३. मुंबईकडून येणारा बराच माल या रस्त्याने नागपूर, रायपूर, कोलकात्याकडे जातो. पूर्वेला नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान, पश्चिमेला मलकापूर. याच महामार्गावर पुढे अमरावती ते अकोला या पट्ट्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. रस्ता रुंद झाला, गुळगुळीत झाला, गाड्यांचा वेग वाढला. पण या रस्त्यापासून पाचशे पावलं आत गेलं की पांदण सुरू होते, आणि पावसाळ्यात पांदणीवरची काळी माती काय करते हे फक्त तिथे गाडी ढकललेल्या माणसालाच ठाऊक.

ती माती टायरला नुसती लागत नाही, थरावर थर चढत जाते. टायर आणि मडगार्ड यांच्यामधली बोटभर जागा शंभर पावलांत भरते आणि चाक फिरायचं थांबतं. मग काडीने, विळ्याने, हाताने चिखल उकरायचा, पुन्हा शंभर पावलं. म्हणून शेतकरी पहिल्यांदा काढतो ते मडगार्ड. त्यानंतर आरसे जातात, कारण तुरीच्या फांद्यांत अडकतात. इंडिकेटर पहिल्याच पडण्यात तुटतात. गोठ्यात ठेवलेल्या गाडीच्या वायरी उंदीर कुरतडतात, दिवा बंद पडतो, आणि शेतात दिवसाच जायचं असल्यामुळे तो कोणी दुरुस्त करत नाही. पाच-सहा वर्षांत कंपनीतून रस्त्यासाठी आलेली गाडी रस्त्याची उरत नाही. शहरातली मुलं लाखो रुपये मोजून जी ऑफ-रोड गाडी घेतात, ती वऱ्हाडात अशी आपोआप तयार होते.

शेतकामाला जुंपलेल्या मोटारसायकलची गोष्ट काही फक्त इथली नाही. गुजरातेतल्या अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगानी यांनी बुलेटचं मागचं चाक काढून तिथे औतं जोडली आणि 'बुलेट सांती' तयार केली. बैल परवडेनासे झाले तेव्हा माणसाने जवळ असेल त्या यंत्राला जुंपलं. त्यात बुद्धी आहे आणि गरजही. मिस्तरीला या गाड्यांबद्दल आदर आहे. डवऱ्याचा कोयंडा त्यानेच कितीतरी गाड्यांना वेल्डिंग करून दिला आहे.

त्याची स्वतःची सुरुवात राजदूत आणि लुनावर झाली. शाळा सुटल्यावर मलकापूरच्या एका गॅरेजात पाने पुसायचं काम, मग पंक्चर, मग प्लग, मग एक दिवस उस्तादाने आख्खं इंजिन उघडायला दिलं. तेव्हा गाडी 'चालू होणं' आणि गाडी 'बरोबर होणं' यांत त्याच्या लेखी फरक नव्हता. किक मारली, आवाज आला, गिऱ्हाईक खूश. दिवा नसेल तर दिवा बसवून द्यायचा, हॉर्न नसेल तर हॉर्न. गाडी कोणाची, कागद कुठले, विमा आहे की नाही, हे विचारणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरात डोकावणं, असं त्याला वाटे.

मग ती संध्याकाळ आली. कापूस वेचणीचे दिवस होते. मिस्तरीने आठवड्यापूर्वीच एका शेतातल्या गाडीला दिवा आणि हॉर्न बसवून दिला होता. गाडीला कागद नव्हते, नंबर खोडलेला होता, आणि ते त्याला दिसलंही होतं. त्या गाडीने सर्व्हिस रोडच्या कडेने घरी चाललेल्या एका वेचणीवाल्या बाईला उडवलं. तिचा पाय मांडीत मोडला. चालवणाऱ्या मुलाला काही झालं नाही. दिवा चालू होता, हॉर्न वाजला होता, ब्रेकही लागले होते. मिस्तरीच्या कामात खोट नव्हती. पण गाडीची नोंदणी नाही म्हणून विमा नाही, आणि विमा नाही म्हणून त्या बाईच्या ऑपरेशनचा, सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीचा, पुढे कायमच्या लंगडण्याचा पैसा देणारं कोणी नाही. मालकाकडे दोन एकर आणि कर्ज. गावात बसून काहीतरी रक्कम ठरली, तीही पुरती मिळाली नाही. ती बाई अजून गावात आहे. मिस्तरीच्या दुकानासमोरून जाते तेव्हा तो हातातलं काम थांबवतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम १४६ त्याने त्यानंतर एका वकिलाकडून समजून घेतलं. सार्वजनिक ठिकाणी गाडी न्यायची तर तिसऱ्या माणसाचा विमा हवाच. आणि कायद्यात 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे फक्त डांबरी रस्ता नाही. ज्या वाटेवर लोकांना जाण्यायेण्याचा हक्क आहे ती प्रत्येक वाट. म्हणजे पांदणसुद्धा. गावात जवळजवळ सगळ्यांना वाटतं की हायवेला लागेपर्यंत आपण आपल्या शेतातच आहोत. तसं नाही. आपल्या बांधाच्या आत गाडी काहीही असू शकते, पांदणीवर आली की ती कायद्यात आली.

हा विमा केवढ्याचा? ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला तिसऱ्या पक्षाच्या विम्याचा वर्षाचा मूळ हप्ता २०२२ च्या जूनपासून ७१४ रुपये आहे. वर जीएसटी. त्या ७१४ रुपयांचा आकडा मिस्तरी गिऱ्हाइकाला मुद्दाम सांगतो. दोन बटन टायरांना याच्या कितीतरी पट पैसे जातात.

तर काकांची गाडी. कागद होते. लोखंडी पेटीत, जमिनीच्या फेरफाराच्या नकलांखाली आरसीचं कार्ड सापडलं. २००८ ची शंभर सीसीची हिरो होंडा, त्या वेळी कंपनीचं नाव तेच होतं. एमएच २८, म्हणजे बुलडाण्याचीच नोंद. मालक काकाच, पहिला आणि शेवटचा. नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे मुदत फेब्रुवारी २०२३ ला संपलेली.

आता नंबर जुळवायचे. चेसीस नंबर हँडलच्या नळीवर ठोकलेला असतो. तिथे सतरा वर्षांची माती, तेल आणि रंग यांचं एकजीव कवच बसलेलं. मिस्तरीने रॉकेलमध्ये बुडवलेलं फडकं अर्धा तास तिथे गुंडाळून ठेवलं. मग दात घासायचा जुना ब्रश. पॉलिश पेपर तो या जागेला कधी लावत नाही, कारण घासलेला नंबर बघून तपासणी करणाऱ्याला खाडाखोडीचा संशय येतो, आणि तो संशय मग कोणत्याच कागदाने जात नाही. अक्षरं हळूहळू वर आली. पातळ कागद त्यावर धरून त्याने शिसपेन्सिल आडवी फिरवली. काळ्या रंगात पांढरे आकडे उमटले. कार्डाशी एकेक आकडा बोट ठेवून वाचला. मग इंजिनाचा नंबर, तोही तसाच. दोन्ही जुळले तेव्हा काकांनी श्वास सोडला. खूपदा इथेच सगळं संपतं, कारण मधे कधीतरी भंगारातून स्वस्तातलं इंजिन आणून बसवलेलं असतं आणि ते कोणत्या गाडीचं हे कोणालाच माहीत नसतं. तशी गाडी मिस्तरी परत पाठवतो.

खर्चाचा हिशोब त्याने पाटीवर मांडला. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीची फेरनोंदणी फी १ एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाली आहे. मुदत संपल्यावर अर्ज करायला जितका उशीर, तितक्या प्रत्येक महिन्याला ३०० रुपये. ऑगस्ट २०२५ धरला तर तीस महिने, ९,००० रुपये. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांचा पर्यावरण कर २,०००. एकूण १२,०००, आणि गाडीला अजून पानाही लागलेला नाही. भंगारवाला या गाडीचे त्याच्या निम्मेही देणार नव्हता.

काका बराच वेळ गप्प बसले. "फेब्रुवारी तेवीसलेच गेलो असतो तं?"

"तं हजार न् दोन हजार. एवढंच."

कोणी सांगितलंच नव्हतं. वऱ्हाडातल्या कितीतरी गोठ्यांमागे अशा गाड्या उभ्या आहेत. त्यांचा दर महिन्याचा दंड कोणाच्याही नकळत वाढतो आहे. मिस्तरीचं ठाम मत आहे की ट्रॅक्टरच्या हप्त्याची आठवण करून देणारा माणूस जसा घरी येतो, तशी आरसी संपण्याची आठवण तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर किंवा गावच्या दवंडीत आली पाहिजे. लोक कायदा मोडायला बसलेले नसतात, त्यांना तारीख माहीत नसते.

तरीही काकांनी होकार दिला. स्वच्छ कागदांची जुनी गाडी घ्यायची तर तीस हजारांच्या खाली मिळत नव्हती.

मग मागे जाण्याचं काम सुरू झालं. गिऱ्हाइकांना हे समजावणं सगळ्यात अवघड असतं. त्यांना वाटतं गाडीला काहीतरी नवीन लावलं की ती कायद्यात बसते. खरं उलट आहे. कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल मालकाने करायचा नाही, आणि ९ जानेवारी २०१९ ला केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे मिस्तरीचं काम गाडी वाढवण्याचं नाही, तिला २००८ मध्ये शोरूममधून निघाली होती त्या रूपात परत न्यायचं.

कोयंडा कटरने कापून फ्रेम घासून घेतली. मूळ मापाचे टायर, मूळ मापाचं चैनसॉकेट. डवरा ओढायला मागचं मोठं सॉकेट लावलं होतं, त्याने गाडीला जोर येतो पण हायवेवर इंजिन ओरडत राहतं. पूर्ण सायलेन्सर. दोन्ही मडगार्ड. कुरतडलेल्या वायरींना जोड देत बसण्यापेक्षा पूर्ण वायरिंग किट नवीन टाकलं, त्यात दोन दिवस गेले. इंडिकेटर चारही, आरसे, हॉर्न. आणि साडीगार्ड. केंद्रीय मोटार वाहन नियमांमधल्या १२३ व्या नियमात मागे बसणाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी धरायला मूठ, पाय ठेवायला पायदान आणि मागचं चाक निम्मं झाकणारी जाळी सांगितली आहे. पोरांना ती जाळी नको असते, गाडी म्हातारी दिसते म्हणतात. काकांच्या मुलीने मात्र तीच आधी मागितली. आई मागे बसते, लुगडं नेसते.

पीयूसीला गाडी दोनदा फेल झाली. त्या काळातल्या चारस्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आत लागतो. कार्बुरेटर पेट्रोलमध्ये धुतला, एअर फिल्टरमधून चमचाभर काळी माती निघाली. तिसऱ्यांदा पास.

हे सगळं चालू असतानाच दुकानात दुसरी गाडी आली, पिकअपमधून. शेजारच्या गावचा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्याने तिकडून जुनी अडीचशे सीसीची मोटोक्रॉस विकत आणली होती. पुण्यात त्या खेळाची हवा आहे, २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली तेव्हापासून जास्तच. गाडी देखणी होती. मिस्तरीने अशी गाडी पहिल्यांदाच हाताळली, आणि मुलाला 'हिला लाइट लावून द्या' म्हणायला मिळण्याआधी तो तिच्याभोवती अर्धा तास फिरत होता.

त्याला दिसलं ते असं. किल्ली नाही. स्टँड नाही. मीटर नाही. बॅटरी नाही, आणि इंजिनाच्या आतली कॉइल फक्त प्लगपुरती वीज करते, दिव्यासाठी आतून वेगळी तारच काढलेली नाही. पिस्टन बदलायचा तो किलोमीटर मोजून नाही, चालवलेले तास मोजून. मागे बसायला जागा नाही. कुंपणाच्या आतल्या मातीच्या ट्रॅकवर वीस-पंचवीस मिनिटं जीव तोडून पळायला ती जन्मली आहे, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कोणी नाही.

मुलाने मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. अमेरिकेत एक माणूस घरच्या गॅरेजात असाच दिवा, हॉर्न, आरसा लावतो, अधिकारी तपासतो, नंबर मिळतो. व्हिडिओ खोटे नव्हते. अमेरिकेतल्या काही राज्यांत तसं करता येतं. ब्रिटनमध्येही एकट्या माणसाच्या एकट्या मोटारसायकलची तपासणी करून मान्यता देण्याची वेगळी सोय आहे. आपल्याकडे दार दुसरीकडून उघडतं. नियम १२६ प्रमाणे कंपनीने गाडीचा नमुना आधी सरकारमान्य चाचणी संस्थेकडे न्यायचा, पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा ठिकाणी. ब्रेक, दिवे, धूर, आवाज सगळं तपासून मान्यता मिळाली की मगच कंपनी प्रत्येक गाडीबरोबर फॉर्म २२ देते, ही गाडी रस्त्यायोग्य आहे म्हणून. शोरूम देते तो विक्रीचा फॉर्म २१. हे दोन कागद नसतील तर नोंदणीच्या फॉर्म २० ला आधारच नाही. मोटोक्रॉसला फॉर्म २२ मिळत नाही, कारण ती त्या चाचणीला कधी गेलीच नाही.

"म्हंजे लाइट लावून काहीच फायदा नाही?"

"दिसतीन तुले रात्री खड्डे," मिस्तरी म्हणाला. "पण उद्या कोणाले लागलं तं त्याच्यापाशी काय राहीन?"

त्याने नकार दिला आणि का ते पूर्ण सांगितलं. उदाहरण हिरोच्या एक्सपल्स २०० चं. ती मे २०१९ मध्ये आली, पुढे तिच्यासाठी उंच सस्पेन्शनचं रॅली किट वेगळं मिळायचं, पण ते लावून रस्त्यावर यायची परवानगी नव्हती. मग २०२२ मध्ये कंपनीनेच तेच किट कारखान्यात बसवून, मान्यता घेऊन रॅली एडिशन काढली, आणि तीच उंची कायदेशीर झाली. कावासाकीची केएलएक्स २३० डिसेंबर २०२४ मध्ये आणि केटीएमची ३९० एन्ड्युरो आर एप्रिल २०२५ मध्ये नंबर प्लेटसकट मिळू लागली. मातीत पळणारी आणि रस्त्यावर चालणारी अशी गाडी हवी असेल तर ती आता विकत मिळते. डकारसारख्या रॅलीत, जिथे २०२४ मध्ये आपल्या हरित नोआने रॅली-२ गट जिंकला, तिथेही शर्यतीच्या टप्प्यांमधलं अंतर सामान्य रस्त्याने कापावं लागतं. म्हणून त्या गाड्यांना दिवा लागतो, नंबर लागतो, विमा लागतो. मिस्तरीला ही गोष्ट भाच्याने सांगितली होती, आणि ती त्याला फार पटली होती. वाळवंटात शर्यत जिंकणाऱ्यालाही सुटका नाही.

मुलगा नाराज होऊन गेला, पण गाडी पिकअपमध्येच चढवून गेला. आता तो ती त्याच्या काकाच्या पडीक रानात, तारेच्या कुंपणाच्या आत चालवतो. साखळीला तेल द्यायला आणि हवेचा फिल्टर धुवायला मिस्तरीकडेच येतो.

काकांच्या गाडीची तपासणी आरटीओच्या कॅम्पच्या दिवशी झाली. निरीक्षकाने दिवा, डिपर, चारही इंडिकेटर, हॉर्न पाहिला, पेन्सिलने काढलेला नंबर प्रत्यक्ष नंबराशी ताडला, फ्रेमवर जिथे कोयंडा होता तिथे बोट फिरवून विचारलं, "इथे काय होतं?" मिस्तरीने खरं सांगितलं. निरीक्षकाने मान हलवली आणि पुढे गेला. नोंदणी पाच वर्षांनी वाढली. २०१९ च्या एप्रिलपूर्वीच्या गाड्यांना लागणारी नवी सुरक्षित नंबर प्लेट साडेचारशे रुपये अधिक जीएसटी भरून मागवली. विमा त्याच संध्याकाळी उतरवला.

पांदणीचा प्रश्न राहिलाच. मातोश्री पाणंद रस्ते योजना २०२१ मध्ये जाहीर झाली, काही ठिकाणी खडी पडली, काकांच्या शेतापर्यंत अजून नाही. मडगार्ड आता काढायचं नाही. म्हणून पावसाळ्यात गाडी गावातच ठेवायची आणि शेतात पायी जायचं, असं काकांनी स्वतःच ठरवलं. डवऱ्याला त्यांनी भावाचे बैल सांगितले आहेत.

मुलगी गाडी न्यायला सकाळी आली. दप्तर पाठीला, हेल्मेट हातात, पक्कं लायसन्स मोबाइलमध्ये. तिने किक मारली, इंडिकेटर लावून पाहिले, पुढचा ब्रेक दाबला, मागचा दाबला आणि मागे वळून बघितलं.

"मामा, मागच्या ब्रेकले लाल लाइट लागत नाही."

मिस्तरी खाली बसला. पायाच्या ब्रेकपाशी एक बारीक स्प्रिंग असते, ती स्विचला ओढते. ती सैल होती. त्याने नट दोन आटे फिरवला आणि तिला पुन्हा दाबायला सांगितलं. मागच्या शटरवर लाल उजेड पडला. अजून एकदा दाबायला सांगितलं. पुन्हा पडला.

"आता जा."

सर्व्हिस रोडच्या टोकाशी ती थांबली. उजवा इंडिकेटर लुकलुकत होता. कोलकात्याकडचा एक ट्रेलर गेला, मग दुसरा, मग एसटी. मग ती निघाली.